दुचाकीवर दुकान : रोजीची सोय की जिवाची जोखीम?

परभणीहून जिंतूर, पाथरी, गंगाखेड किंवा पूर्णा यांपैकी कोणत्याही रस्त्याला सकाळी आठच्या सुमारास लागा, तर एक दृश्य हमखास दिसते. पुढे मोटारसायकल, तिच्यावर कसाबसा बसलेला माणूस आणि मागे त्याच्या डोक्याच्याही वर गेलेला गठ्ठा. कोणी चादरी, सतरंज्या, रेडीमेड कपडे घेऊन फेरीला निघालेला असतो. कोणी पिंजारी बांधव गादी भरण्याचे सामान आणि मशीन बांधून जात असतो. कोणी पाव-खारी-टोस्टच्या पेट्या, कोणी कोंबड्यांच्या जाळ्या, कोणी भंगार, तर कोणी प्लास्टिकच्या बादल्या व घागरी. यांतले बरेच जण आपल्याच मोहल्ल्यातले आणि आपल्याच खातेवहीतले असतात.

या लोकांनी खेड्यापाड्यातील व्यापार जिवंत ठेवला आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. झरी, दैठणा, बोरी, चारठाणा, वालूर, ताडकळस, राणीसावरगाव आणि त्यांच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर शहरातला माल पोहोचतो तो बऱ्याच अंशी यांच्यामुळेच. पूर्वी गठ्ठे एसटीच्या टपावर चढत आणि फेरीवाला सायकलवर फिरे. मग लुना आली. बजाज चेतक आणि साताऱ्यात तयार होणारी प्रिया या स्कूटरींवर किती कापड विकले गेले, त्याचा हिशेब कोणाकडे नसेल. आता स्कूटरची जागा शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलने आणि एक्सएल मोपेडने घेतली आहे. मेहनतीची, हलाल रोजी कमावणाऱ्या या माणसांविरुद्ध लिहिण्याचा हेतू नाही. त्यांच्या बाजूनेच हे लिहावे लागत आहे.

मुद्दा असा की, कंपनीने बनवलेली मोटारसायकल दोन माणसांसाठी असते. तिला मालगाडी बनवण्याचे काम आपल्या गावातील गॅरेज आणि वेल्डिंगच्या दुकानांत होते. मागे लोखंडी पाइपचे लांब कॅरिअर जोडले जाते. दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट बाहेर आलेले अँगल लावतात. शॉकपच्या स्प्रिंग बदलतात किंवा त्यांत रबरी गुटके घालतात. मागचा टायर जाड बसवतात. आरसे गठ्ठ्याच्या आड येतात म्हणून काढून टाकतात आणि साडी गार्ड कॅरिअरला अडते म्हणून कापून फेकतात. काही ठिकाणी तर मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा गाडाच जोडला जातो. हे सर्व काम हुनरीचे आहे यात शंका नाही, पण गाडीचा मूळ हिशेब त्यात पूर्ण बिघडतो.

वजनाचा साधा हिशेब

आपण व्यापारी माणसे आहोत, तेव्हा हिशेबच करून पाहू. शंभर सीसीच्या नेहमीच्या मोटारसायकलची भार वाहण्याची क्षमता साधारण १३० किलोच्या आसपास असते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत हा आकडा छापलेला असतो. ही पुस्तिका आपण डिकीत ठेवतो किंवा रद्दीत टाकतो, वाचत मात्र नाही. या १३० किलोंत चालवणाऱ्याचे वजनही धरलेले असते.

आता एक सोलापुरी चादर किलो-सव्वा किलोच्या खाली नसते. साठ चादरींचा गठ्ठा म्हणजे ७५ किलो धरा. चालवणारा ६५ किलोचा. झाले १४०. लोखंडी कॅरिअर १५ किलोचे, म्हणजे १५५. मदतीला पोरगा किंवा पुतण्या मागे बसला, तर आकडा २०० च्या वर गेला. तागडीवर एवढा फरक आला तर आपण दुकान डोक्यावर घेऊ. गाडीच्या बाबतीत मात्र "चालतंय की" म्हणून सोडून देतो.

वजन किती आहे याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे आहे. गठ्ठा मागच्या चाकाच्याही मागे गेला की पुढचे चाक हलके होते. हँडल हातात तरंगल्यासारखे वाटते. मोटारसायकल थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. पुढच्या चाकावर भारच नसेल तर ते चाक रस्त्याला नीट धरत नाही, आणि सगळा भरवसा मागच्या ब्रेकवर राहतो. तो जोरात दाबला की चाक घसरते आणि उंच गठ्ठ्याचे वजन गाडीला एका बाजूला पाडते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. समोर बैल आला, हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर निघून गेलेले असते. थांबण्याचे अंतर त्यानंतर सुरू होते.

त्यात आपल्या जिल्ह्याची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा खाली-वर होतो. साइडपट्टी खचलेली असते. ऊसतोडीच्या दिवसांत संध्याकाळी ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि पुष्कळदा त्यांना मागे दिवाही नसतो. अशा रस्त्यावर बाहेर आलेला एक अँगल शेजारून जाणाऱ्याच्या गुडघ्याला लागला, तरी दोन घरांचे नुकसान होते. आपल्याच गाडीचा मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबर प्लेट गठ्ठ्याखाली झाकलेली असेल, तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दोष तरी कसा द्यायचा?

हा धोका किती मोठा आहे, ते सरकारी आकड्यांवरून कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या त्या वर्षी ५०,०२९ होती. आपल्या परभणीचा उन्हाळा कडक आहे, हेल्मेटमध्ये डोके तापते, हे खरे. पण फेरीवाल्याचे डोके हेच त्याचे भांडवल आहे.

मिस्त्रींनी लक्षात घ्यावे असे काही

आपल्या समाजातील अनेक तरुण गॅरेज आणि वेल्डिंगच्या धंद्यात आहेत. त्यांचे हात नामी आहेत. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी नमूद करतो.

मोटारसायकलची चेसी पातळ पाइपची असते. त्या पाइपवर थेट वेल्डिंग केले की जोडाच्या शेजारचा भाग तापून कमजोर होतो. वरून रंग मारला की काही दिसत नाही. पण रोजच्या धक्क्यांनी नेमकी तिथेच चीर पडते आणि एखाद्या दिवशी भरल्या गाडीखाली पाइप तुटतो. चिमट्यावर केलेल्या वेल्डिंगचेही तेच. दुसरे, एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पाहते. बॅटरी न काढता वेल्डिंग केले तर ती निकामी होऊ शकते. तिसरे, जास्तीचे दिवे लावताना मूळ वायर कापून जोड दिला की शॉर्ट सर्किटची भीती राहते. कापडाच्या गठ्ठ्याजवळ ठिणगी पडणे म्हणजे काय, हे कापडवाल्याला सांगायला नको.

साडी गार्डबद्दल तर कापडाच्या धंद्यातला माणूस म्हणून मला आग्रहाने लिहावेसे वाटते. मागचे चाक निदान निम्मे झाकणारे संरक्षण असावे, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ चा भाग आहे. तो विनाकारण केलेला नाही. साडीचा पदर, ओढणी, बुरख्याचा घेर चाकात किंवा चेनमध्ये ओढला जातो आणि मागे बसलेली बाई क्षणात रस्त्यावर पडते. ओढणी गळ्याभोवती असेल तर परिणाम काय होतो, ते लिहवत नाही. आपल्या माता-भगिनी ज्या गाडीवर बसतात, तिचे साडी गार्ड कापून देणे हे हुनराचे काम नाही. गिऱ्हाईक म्हणेल तरी मिस्त्रीने नकार द्यावा. आणि आम्ही कापडवाल्यांनी ओढणी किंवा बुरखा विकताना "बाई, गाडीवर बसताना पदर आवरून मांडीखाली घ्या" एवढे सांगितले, तर त्यात आमचे काय जाते?

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या वेळी गाडी जशी होती, त्यात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्के केले. गाडीची कंपनीने ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही, रंग बदलणे किंवा किरकोळ वस्तू बसवणे वेगळे, असा त्याचा सारांश. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. "दर बदलामागे" हे शब्द नीट वाचावेत. कॅरिअर एक, शॉकप दोन, सायलेन्सर तीन, अशी ती मोजणी होऊ शकते.

दंडापेक्षा मोठा घाटा विम्यात आहे. अपघातात दुसऱ्याला इजा झाली, तर न्यायाधिकरण विमा कंपनीला भरपाई द्यायला लावते. पण मालकाने पॉलिसीच्या अटी मोडल्या असे सिद्ध झाले, तर कंपनीने आधी भरावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, असे आदेश होतात. म्हणजे अपघातानंतर काही वर्षांनी घर-दुकानावर वसुली येऊ शकते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम असेल, तर न कळवलेला बदल पाहून कंपनी हरकत घेते. गाडीवरचा माल तर या विम्यात धरलेलाच नसतो. माल गेला तो गेला.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा निघतो. त्यामुळे "विमा पाच वर्षांचा आहे" म्हणून माणूस निश्चिंत राहतो. पण मालक-चालकाच्या स्वतःच्या अपघाताचे १५ लाख रुपयांचे संरक्षण अनेकदा एकाच वर्षापुरते घेतलेले असते. ते संपल्याचे त्याच्या गावीही नसते. हे संरक्षण मिळण्यासाठी वैध लायसन्स लागते, हेही ध्यानात ठेवावे. आज घरी जाऊन पॉलिसीचा कागद काढा आणि तारीख पाहा.

बंदी हा उपाय आहे काय?

कोणी म्हणेल, मग पोलिसांनी सरळ बंदी घालावी. पंजाबात हा प्रयोग झाला. तिथे मोटारसायकलला गाडा जोडलेल्या जुगाड रेहड्यांवर एप्रिल २०२२ मध्ये कारवाईचे आदेश निघाले. गरिबांच्या रोजीचा प्रश्न उभा राहिला, गदारोळ झाला आणि काही दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. त्याआधी मे २०१३ मध्ये राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगाड हेही मोटार वाहनच आहे, म्हणून नोंदणी, विमा, लायसन्स यांशिवाय ते रस्त्यावर येऊ शकत नाही, असे सांगितले होते. निकाल स्पष्ट होता, तरी जुगाड संपले नाही. पोट भरण्याची दुसरी सोय दिली नाही तर कागदावरची बंदी कागदावरच राहते.

दुसरे उदाहरण शेजारच्या गुजरातचे आहे. सौराष्ट्रात पुढे बुलेटसारखे तोंड आणि मागे गाडा असलेला छकडा गावोगाव चाले. तोही कारागिरांच्या डोक्यातूनच निघाला. पण तिथे त्याचे रीतसर उत्पादन आणि नोंदणी झाली, आणि राजकोटच्या अतुल ऑटोसारखा तीनचाकी गाड्यांचा कारखाना त्या धंद्यातून वाढला. कारागिराचा हुनर मंजुरीच्या मार्गाने गेला तर त्याचा कारखाना होतो. तोच चोरवाटेने गेला तर मिस्त्री जन्मभर मिस्त्रीच राहतो आणि अपघात झाला की पोलीस त्याचे नाव विचारत येतात.

आपल्याकडेही कायदेशीर वाट थोडीफार मोकळी आहे. २०२० साली केंद्र सरकारने मोटारसायकलवर हलकी पेटी बसवण्याचे नियम केले. लांबी ५५ सेंटिमीटर, रुंदी ५१ आणि उंची ५० पर्यंत. मागच्या सीटच्या जागेवर पेटी बसवली, तर गाडीवर फक्त चालवणारा बसू शकतो. या मापाच्या पेटीत सुती साड्यांचे पन्नासएक नग नीट घड्या घालून बसतात. वजन पंचवीस-तीस किलो. पावसात माल भिजत नाही, धूळ लागत नाही, आणि पेटी उघडली की गिऱ्हाइकासमोर दुकान मांडल्यासारखे दिसते. आपल्या पत्राकाम आणि फॅब्रिकेशन करणाऱ्या कारागिरांनी या मापाची, नटबोल्टने बसणारी, चेसीला वेल्डिंग न लागणारी मजबूत पेटी बनवावी. तिला गिऱ्हाईक मिळेल.

ठोक व्यापाऱ्यांची जबाबदारी

आता आपल्या स्वतःकडे येऊ. गठ्ठा एवढा मोठा का होतो? फेरीवाल्याला हौस असते म्हणून नव्हे. लग्नसराई, रमजान, दिवाळी किंवा फेब्रुवारीतला परभणीचा उर्स जवळ आला की आम्ही ठोकवाले त्याला म्हणतो, "घेऊन जा सगळा माल, उधारी नंतर पाहू." पन्नास नगांवर एक भाव आणि शंभर नगांवर दुसरा भाव असतो. म्हणून तो शंभर उचलतो. परत यायला दिवस आणि पेट्रोल दोन्ही मोडते, म्हणून एकाच फेरीत सगळे बांधतो. आमच्याच दुकानासमोर तो गठ्ठा बांधला जातो, आमचाच नोकर दोरी ओढतो आणि आम्ही गल्ल्यावर बसून पाहत असतो.

पुढे तो रस्त्यात पडला तर काय होते? पाय मोडून माणूस तीन-चार महिने घरी बसतो. माल मातीत गेलेला असतो. गाडीचा हप्ता थांबत नाही. मुलाची शाळा सुटते आणि तो पोरगा कुठल्या तरी हॉटेलात किंवा गॅरेजमध्ये कामाला लागतो. आमची उधारी बुडते ती वेगळीच. माणुसकीचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी, निव्वळ व्यापार म्हणून हा घाट्याचा सौदा आहे. आणि माणुसकीचा विचार केला तर, ज्याच्या श्रमावर आपला माल खपतो, त्याच्या जिवाची काही अमानत आपल्याकडेही आहे.

म्हणून कच्छी बाजारापासून सेलू, मानवत, जिंतूरच्या बाजारपेठेपर्यंतच्या ठोक व्यापाऱ्यांपुढे काही सूचना ठेवतो.

पहिली, दुचाकीवर जाणारा गठ्ठा तोलून द्यावा. पेटी असो की गठ्ठा, दुचाकीवर चाळीस किलोंच्या वर माल बांधून द्यायचा नाही, असा नियम सर्वांनी मिळून करावा. एकट्याने केला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, म्हणून तो सर्वांचा हवा.

दुसरी, भावाची सवलत एका फेरीच्या नगांवर न देता महिन्याच्या एकूण उचलीवर द्यावी. म्हणजे चार फेऱ्यांत शंभर नग नेणाऱ्यालाही तोच भाव मिळेल आणि एकदम सगळे बांधण्याची गरज राहणार नाही.

तिसरी, एका रस्त्यावरच्या पाच-सहा फेरीवाल्यांचा माल आठवड्यातून एकदा भाड्याच्या तीनचाकी किंवा छोट्या टेम्पोने त्या मार्गावरच्या एखाद्या मोठ्या गावात नेऊन एका दुकानात ठेवावा. तिथून त्यांनी रोज थोडा थोडा उचलावा. भाडे वाटून घेतले तर माणशी भार फार येत नाही. चार-पाच जणांना शराकतीत जुना टेम्पो घेता आला तर उत्तमच. व्याजाचा व्यवहार टाळायचा असेल त्यांना ही वाट सोयीची आहे. ज्यांना कर्ज चालते त्यांनी मुद्रा योजनेची किंवा मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची चौकशी करावी.

चौथी, ज्याच्याकडे लायसन्स, चालू विमा आणि हेल्मेट नाही त्याला उधारीवर माल देण्यापूर्वी ते करून घ्यायला सांगावे. आम्ही उधारी देताना जामीन विचारतो, घर कुठे ते विचारतो. मग हे विचारायला काय हरकत आहे?

यावर एक आक्षेप येईल तो ठाऊक आहे. "सेठ, तुम्ही दुकानात बसून बोलता. माल कमी नेला तर कमाई कमी होईल." हा आक्षेप खोटा नाही. फेऱ्या वाढल्या तर पेट्रोल वाढेल. म्हणूनच भावाच्या सवलतीचा आणि सामायिक टेम्पोचा भार ठोकवाल्यांनी उचलायला हवा. सगळा उपदेश फेरीवाल्याला आणि सगळा फायदा आपल्याला, असे चालणार नाही. शेकड्यामागे रुपया-दीड रुपया कमी मिळाला म्हणून ठोक दुकान बंद पडत नाही. पण कर्ता पुरुष गेला तर फेरीवाल्याचे घर बंद पडते.

शेवटी तरुणांसाठी एक शब्द. फेरीवाला गाडी बदलतो तो पोटासाठी. पण सायलेन्सर कापून फटाके वाजवत, आरसे काढून, हँडल बदलून मोहल्ल्यात फिरणाऱ्या पोरांची काय मजबुरी आहे? असे सायलेन्सर पोलीस जप्त करून रोलरखाली चिरडतात, हे राज्यातील अनेक शहरांत झाले आहे. बापाने फेरी करून जमवलेले पैसे अशा तऱ्हेने रोलरखाली जाऊ नयेत, एवढी समज घराघरांत दिली गेली पाहिजे.

लग्नसराई पुन्हा येईल आणि गठ्ठे पुन्हा बांधले जातील. त्याआधी प्रत्येक बाजारपेठेतील चार-सहा व्यापाऱ्यांनी, दोन-तीन मिस्त्रींनी आणि फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून वजनाचा आकडा ठरवावा. दुकानात काटा आहेच. तो गठ्ठ्याखाली ठेवायचा आहे.